लाल रंग जरा पिवळ्याकडे न्या

...नाही, पण मला सांगा, ‘लाल रंग जरा पिवळ्याकडे न्या’ म्हणजे काय? भिंत रंगवतोय का मी? टेरहॉर्स्टबाई, म्हणजे आमच्या साहेब, सकाळी सकाळी टेबलाशी येऊन म्हणतात, “ओव्हरकाम्प, तेवढं बोटीपुढचं लाल खटकतंय हो!” अहो, ऱ्हाईनचं पाणी उतरतंय ते उतरतंय, मी पिवळं फासलं म्हणून चढणार आहे का?

तुम्हाला सांगतो, माझं काम म्हणजे माल निघण्याआधी काय काय बिघडेल ते सांगायचं. तक्त्यात प्रत्येक वाटेपुढं रंग लावायचा, लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे बिनघोर. ड्यूसबर्गच्या बंदरात बसून दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालायची नोकरी! आणि या वेळचा माल काय, तर डायलिसिसला लागणारं द्रावण, जायचं बाझलच्या इस्पितळात. एरवी ट्रकनं जायचं. आता द्रावण बनवणाऱ्या कारखान्यानं जाहीर केलेलं, धूर बंद, यापुढं मालबोट आणि रेल्वे! चांगलंच की! माझं घर हमरस्त्याला लागून, खिडकी पुसली की फडकं काळं, मला का ट्रक हवेत? पण उन्हाळा असा, की वाटेत काउबपाशी नदीचा तळ दिसायला लागलेला, आणि बाईंना सगळा माल एकाच बोटीत गळ्यापर्यंत भरून हवा! का? तर टनामागं धूर सगळ्यात कमी दिसतो. म्हटलं, बोट रुतेल. “विमा आहे.” म्हटलं, उशीर होईल. “करारात सूट आहे.” म्हणजे आमची कंपनी सुरक्षित, कारखाना सुरक्षित, बोटवाला सुरक्षित... अहो, पण जोखीम कुणाची, हे कुणी विचारतच नाही!

मग मीच लावला इस्पितळाला फोन. एबिशर म्हणून नर्सबाई होत्या. “साठा फार नाही हो. माल लांबला तर प्रत्येकाचा यंत्रावरचा वेळ थोडा थोडा कापायचा. रक्त अर्धवट धुतलं जातं, दुसरं काय!” दुसरं काय! तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “कोण, तो मालवाला? द्या इकडं!” झुमश्टाइन नावाचे गृहस्थ, जन्मभर ट्राम चालवलेले, आता नळ्या लावून खुर्चीत.

“काय बिघडेल ते आधी सांगणारे ते तुम्हीच का?”

“म्हणजे... शक्यता सांगतो.”

“शक्यता राहू द्या. माल येणार का?”

आता या माणसाला काय सांगू, नारिंगी? म्हटलं, “माहीत नाही.”

तर म्हणाले, “बरं वाटलं. असं कुणी बोलत नाही हो. मागं एकदा वेळ कापला, तेव्हा मला जिनाच चढवेना. मी खाली, बायको वर. शेवटी तिनं ताटल्या खाली आणल्या, पायरीवर बसून जेवलो दोघं.” आणि हसले की! मला नाही हसता आलं.

तसाच उठलो, बाईंच्या खोलीत. “निम्मा माल बोटीनं, निम्मा रेल्वेनं.”

“धूर वाढेल, ओव्हरकाम्प.”

“थोडा वाढेल.”

“कारखान्याला काय सांगू?”

“सांगा की माणसं आहेत पलीकडं! नाहीतर माझी सही नाही, आणि सहीशिवाय माल हलत नाही!” जोखीम कुणाची, हे कुणी विचारत नाही म्हणून मी एवढा तडफडलो, आणि बाईंनी काय म्हणावं? “ठीक आहे. पण काही झालं तर तुमच्या डोक्यावर!” घ्या! सापडलं एकदाचं कुणीतरी!

माल निघाला. आणि अडकलं काय? रेल्वे! जिच्यापुढं मी स्वतःच्या हातानं हिरवा लावला होता, तीच! वाटेत रुळांखालचा भराव खचला, गाडी जागच्या जागी उभी. आणि बोट? निम्मीच भरलेली, म्हणून पाण्यावर उंच. काउबच्या उथळ पट्ट्यातून पोट सावरत, सावरत... गेली! बाझलला लागली! तेवढा माल रेल्वेचा येईपर्यंत पुरला. कुणाचा वेळ कापला नाही.

झुमश्टाइननी आपणहून फोन केला. “पूर्ण वेळ बसवलं हो मला! काय कंटाळा, काय कंटाळा!” तुम्हाला सांगतो, इतकी गोड तक्रार मी आयुष्यात ऐकली नाही.

...आणि काल बाई पुन्हा टेबलाशी. “बघा, तुमचा हिरवा अडकला, लाल पोहोचला! पुढची खेप सगळी बोटीनं, पूर्ण भरून!”

“अहो बाई, निम्मीच भरली होती म्हणून तर तरली!”

“तरली ना?”

“पाणी अजून उतरतंय हो!”

“गेल्या खेपेलाही उतरतच होतं की!”

आता घ्या!... होतंच ना उतरत!