रस्त्यावरची चुन्याची रेघ

माझ्या दारासमोरच्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर काल चुन्याची रेघ पडलीय. आडवी, या गटारापासून त्या गटारापर्यंत. ती कुणाच्या हुकमानं, ते आधी कळू दे. नमस्कार काय पळून जात नाही.

हं. तर अध्यक्ष अंबादासराव, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होऊन निघालेले पालिकेचे इंजिनिअर नंदकिशोर साहेब, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बोरीवलीच्या चाळकऱ्यांनो, सगळ्यांना सुगंधा आजीचा नमस्कार.

साहेबांचं चांगलं आधी बोलते. दर साली गणपतीच्या आधी डांबर पडायचं आणि विसर्जनाला निघेपर्यंत खड्डा हजर. डांबरवाल्याचं पोट भरायचं, आमचे पाय मोडायचे. साहेब म्हणाले, "आजी, सिमेंटचा करू. एकदाच महाग पडेल, पण तुमची नातवंडं म्हातारी होतील तरी रस्ता तसाच." मी विचारलं, "आणि खाली पाण्याचा जुना पाईप आहे, तो?" म्हणाले, "सगळं बघितलंय."

ऐन उन्हाळ्यात रस्ता ओतला. नवं सिमेंट तान्ह्या पोरासारखं. तहानलेलं ठेवलं की जन्माचं कच्चं. पाण्याचा टँकर येणार होता, आला का? मग सिमेंट ओलं राहावं म्हणून वर अंथरलेल्या गोणपाटांवर आम्ही बायकांनी घरातले हंडे रिकामे केले. आमची चंपा सुनेला म्हणायची, "तू उद्या कर गं आंघोळ, आज रस्त्याची पाळी." हसताय काय? तुमचं प्यायचं पाणी होतं ते!

पावसाळे गेले, ट्रक गेले, एक टवका उडाला नाही. हे साहेबांचं देणं, मी नाकारत नाही.

पण काल त्या रेघ मारणाऱ्याला धरला. "कशाला रे ही?"

"आजी, खालचा पाईप कुजलाय. रस्ता फोडायचाय."

"मग ओतायच्या आधी का नाही बदललात?"

"ते खातं वेगळं ना!"

ऐकलंत? फोडलेलं सिमेंट पहिल्यासारखं सांधत नाही हो. त्या चरावर डांबराचं ठिगळ येणार, आणि मग पुन्हा दर साली तेच. आमचा जुना डांबरवाला मागच्या रांगेत बसून पेढे खातोय, तो काय साहेबांच्या प्रेमानं?

असो. साहेब, आभार मानते. शाल-नारळ चाळीनं मनापासून आणलाय. शाळा मी दुसरीत सोडली, जीभ वाकडी चालली असेल तर पोटात घाला. पण तो हार जरा खाली ठेवा. रस्ता ओतताना पाईप कुजका आहे हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?

अंबादासराव, तुम्ही बसा खाली. साहेबच बोलतील.