दोन ते साडेसात

नाही, नाही, बसा ना — ही पिशवी माझीच, घेतो बाजूला. तिकडे उन्हात उभं राहून काही उपयोग नाही, ताई, पाच वाजल्याशिवाय रणवीर सर कुणाला सोडत नाहीत. कोणता तुमचा? तो लाल हेल्मेटवाला? हं. मनन. स्केट्सवर गुडघे वाकवत नाहीये, पण पहिल्या आठवड्यात कुणीच वाकवत नाही, दहा दिवसांनी बघा. कितवीत आहे? — सातवीत. हो का. सातवीत.

आणि हा कागद म्हणजे टाइमटेबल ना? दिसलं म्हणून विचारलं, रागावू नका. दाखवा बरं. दोनला शाळा सुटणार, अडीचला जेवण, तीनला कोचिंग, चारला इथे, मग साडेपाचला — हे काय लिहिलंय — तबला. बरं. तबल्याहून सातला घरी, मग होमवर्क. चांगलं आखलंय. तुम्ही मघाशी त्या बाईंना विचारत होतात ना, की सातवीत हे सगळं जमतं का, अभ्यास मागे पडतो का — मी ऐकलं, कान अजून ठीक आहेत माझे. जमतं. मी सांगतो ना, जमतं. पाचवीपासून सातवीपर्यंत जमवलं मी. माझ्या नातीचं, रुचीचं. या चौराह्यावरचे भाजीवाले मला बघून घड्याळ लावायचे, खोटं नाही सांगत. ‘बापूसाहेब निकले, मतलब पौने चार.’ मी नीलकंठ, पण बापूसाहेबच म्हणतात सगळे इथे धारमध्ये. पोस्टात होतो, सरदारपूरहून सब-पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालो. टपाल वेळेवर निघालं पाहिजे, एवढंच आयुष्यभर केलं.

ती? नाही, ती नाही येत आता. आता आठवीत आहे. — मी? मी असाच येतो. बसायला. वारा असतो इथे.

सांगतो ना, कसं जमवलं ते. तरुण, माझा मुलगा, पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात, त्याची शिफ्टची बस पहाटेच निघते, आणि परत यायचं काही खरं नसतं. सूनबाई मेधा नालछ्याला सरकारी शाळेत शिकवते, बसनं येते-जाते, घरी येईपर्यंत सहा. मग पोरीला शाळेतून आणणार कोण? आधी मालन आणायची, माझी बायको. ती गेली तेव्हा रुची चौथीत होती. मग मेधा म्हणाली, ‘बाबा, तुम्ही फक्त तिला शाळेतून आणा आणि सहाला गणिताच्या ट्यूशनला सोडा, बाकी काही नको.’ बस, एवढंच. एवढंच सांगितलं होतं मला — शाळा नि गणित. मधे चार तास. तिने जेवावं, झोपावं, खेळावं, काय करायचं ते करावं. पण चार तास, ताई — चार तास घरात काय करायचं हो? ती जेवून पांघरूण घेऊन झोपायची, नि मी पंखा बघत बसायचो. तर एक दिवस इथे आलो तिला घेऊन, सहज, आणि याच बाकावर एक गृहस्थ होते, ते म्हणाले, ‘भिया, बच्ची को डाल दो, स्टैमिना बनता है.’ डाल दिया. तिने काही हट्ट केला नव्हता, म्हणजे — नाही म्हणाली नव्हती. मग गाणं लावलं, मोतीबागेजवळ एक बाई शिकवतात त्यांच्याकडे. मालनला गाण्याची हौस होती, तिचं राहून गेलं होतं. मग रविवारी सकाळी बुद्धिबळ. आणि रविवारी दुपारी मी स्वतः मराठी वाचायला शिकवायचो, कारण शाळा हिंदी-इंग्रजी, पोरीला बोलता येतं सगळं पण वाचताना एकेका अक्षराला अडखळते, आपल्या घरात हे बरं दिसत नाही.

त्यामुळे दोन ते साडेसात पॅक. दोनला शाळेच्या फाटकाशी मी हजर. घरी जेवण. मग इथे, चारला. स्केट्स काढायचे, पुसायचे, पिशवीत. पाच दहाला गाडीवर. जाता जाता मागच्या सीटवर तूप-साखरेची पोळी, गुंडाळी करून द्यायचो, एका हातात धरून खायची नि दुसऱ्या हातानं माझा शर्ट धरायची. गाण्याच्या बाईंच्या न्हाणीघरात कपडे बदलायचे. सहा पाचला तिथून निघालं की सहा वीसला ट्यूशन, गणिताच्या सरांशी बोलून मी वीस मिनिटं पुढे ढकलून घेतलं होतं. एक मिनिट इकडेतिकडे नाही. तरुणला सांगायचो रविवारी, तो म्हणायचा, ‘बाबा, जास्त होत नाहीये ना?’ मी म्हणायचो, ‘अरे, तिला आवडतंय.’ आवडत होतं का? — विचारलं होतं की. विचारलं होतं मी. ‘रुची, मजा येते ना?’ ‘हो आजोबा.’ प्रत्येक वेळी हो आजोबा. आणखी कसं विचारणार माणूस?

झोपायची ती गाडीवर, हे खरं. सहावीत सुरू झालं. इंदूर नाक्याच्या पुढे गेलं की पाठीला डोकं लागायचं, इथे, दोन्ही खांद्यांच्या मधे, जड. पहिल्यांदा लागलं तेव्हा मी गाडी थांबवली, मग रोजच व्हायला लागलं तर थांबवून कसं चालेल? पूजेचं उपरणं घेतलं एक दिवस, तिच्या नि माझ्या कमरेला मिळून बांधलं, घट्ट गाठ. मग हळू चालवायचो. दहा मिनिटं झोप मिळायची पोरीला, तेवढीच. मेधाला नाही सांगितलं. सांगण्यासारखं काय होतं त्यात? गल्लीच्या तोंडाशी आलं की सोडून घडी करून डिकीत.

शाळेतूनही बोलावणं आलं होतं. सायन्सच्या तासाला डोकं टेकून झोपते म्हणून. फोन माझ्याच नंबरवर यायचा, गेटवर मीच असायचो ना. गेलो. मॅडम चांगल्या होत्या, म्हणाल्या, ‘पेरेंट्स को भेजिए.’ मी म्हटलं, मीच आहे. डायरीवर सही केली. आणि मग सहामाहीचा निकाल आला डिसेंबरात, गणितात ऐंशीपैकी एकतीस, त्यावरही — त्यावरही मीच केली सही. आता हे मी तुम्हाला का सांगतोय माहीत नाही. तरुणची सही सोपी आहे, नुसता त नि एक रेघ. मला वाटलं वार्षिकला भरून काढेल, उगाच घरात कटकट कशाला. आणि कटकट झाली असती तर बंद केलं असतं त्यांनी सगळं. हो, तेही होतं मनात. होतंच.

तो तुमचा पडला बघा. — नाही, उठला, उठला. हातावर पडायला शिकवतात आधी.

लगेच पुढच्या जानेवारीची गोष्ट आहे, सातवीतली. उपरणं बांधलं नव्हतं. आदल्या आठवड्यात म्हणाली होती, ‘आजोबा, बांधू नका ना, ट्यूशनच्या मुली हसतात.’ मी म्हटलं बरं, पण झोपू नकोस. ‘नाही झोपणार.’ गाण्याहून निघालो, थंडी होती, तिने दोन्ही हात माझ्या स्वेटरच्या खिशात घातले होते, काहीतरी सांगत होती, कुणाच्या तरी वाढदिवसाचं. मग बोलायची थांबली. त्रिमूर्ती चौराह्याच्या अलीकडे तो ब्रेकर आहे ना, तिथे गाडी उडाली थोडी, थोडीच, मी वीसच्या वर कधी चालवलीच नाही, आणि मला पाठीमागे एकदम हलकं वाटलं. बस. आवाजसुद्धा आला नाही मला. हलकं वाटलं फक्त. वळून बघेपर्यंत एक रिक्षावाला तिला उचलत होता. ती रडत नव्हती. हात कोपरातून भलतीकडे वळलेला, त्याच्याकडे बघत होती, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मला म्हणाली, ‘आजोबा, ट्यूशनला उशीर होईल.’

इंदूरला न्यावं लागलं. ऑपरेशन, तारा घातल्या. दुसऱ्या दिवशी मी थर्मासमधे चहा घेऊन वर आलो, तर पडद्याच्या आत मेधा तिला विचारत होती. ओरडत नव्हती, हळूच विचारत होती, ‘तुला एवढं होत होतं तर सांगितलं का नाहीस, बाळा? कुणी जबरदस्ती केली का?’ आणि ती म्हणाली — मला शब्द न् शब्द आठवतो, म्हणजे आठवायचा म्हणून नाही, आहे तो तिथेच — ती म्हणाली, ‘मला काहीच नको होतं, आई. स्केटिंग पण नको होतं. पण आजोबा एकटे बसतात ना. आजी गेल्यावर ते टीव्ही पण लावायचे नाहीत, नुसते बसायचे. माझ्या क्लासला निघालं की शर्ट बदलायचे, गाणं म्हणायचे गाडीवर.’

अकरा वर्षांची होती ती, जेव्हा हे सुरू झालं. दहाची. पाचवी म्हणजे दहाच.

मी थर्मास बाहेरच्या बाकावर ठेवला. आत गेलो नाही.

मग काय, काही नाही झालं. तुम्हाला वाटत असेल तमाशा झाला असेल. तरुण घरी आल्यावर म्हणाला, ‘बाबा, गाडीची चावी द्या.’ दिली. सही त्याने पाहिली होती, डायरीही पाहिली होती, त्याबद्दल एक अक्षर नाही. बोलला असता तर — काय माहीत. सगळे क्लास बंद. शाळेची व्हॅन लावली, फाटकापर्यंत येते. दोन-वीसला ती घरी, जेवते, झोपते, उठते, अभ्यास करते. सातवी निघाली, बऱ्यापैकी निघाली, गणितात बासष्ट. हात पूर्ण सरळ होत नाही, एवढा कोन राहतो, बघा, एवढा. वेणी घालायला त्रास होतो तर केस कापले. वाईट वाटतं का मला? लोक विचारतात. शेजारच्या उर्वशीबाई तर रोज विचारतात. कळत नाही. सकाळी उठतो, आंघोळ, देवपूजा, पेपर. पावणेचार झाले की पाय आपोआप चपलेत जातात. चालत येतो. घरी सांगतो लालबागेत जातो म्हणून. इथे या चाकांचा घर्र-घर्र आवाज येत राहतो, तो येत असला की डोक्यात दुसरं काही येत नाही, चांगलं असतं ते.

परवाचंच सांगतो. रविवार होता. मी खोलीत बसलो होतो, आणि रुची आली दाराशी, पट हातात घेऊन. बुद्धिबळाचा. ‘आजोबा, एक डाव?’ मी बघत राहिलो तिच्याकडे. हसत होती. छान हसते. खेळायचं होतं का तिला? की आईनं पाठवलं? की मी पुन्हा नुसता बसलेला दिसलो, म्हणून? मी तिच्या तोंडाकडे बघतोय, बघतोय — दोन वर्षं रोज पाठीशी होती माझ्या, ताई, तिचा श्वाससुद्धा ओळखायचो मी, कधी झोपली, कधी जागी झाली — आणि मला ओळखता येईना. मी म्हटलं, ‘नको गं, मला काम आहे.’ ‘कसलं काम?’ ‘आहे.’ चपला घातल्या, निघालो. रविवारी तर हे बंद असतं, कुलूप असतं फाटकाला. बाहेर त्या कट्ट्यावर बसलो साडेपाचपर्यंत. परत आलो तर पट माझ्या पलंगावर मांडलेला होता, सगळ्या सोंगट्या जागच्या जागी, आणि ती आपल्या खोलीत अभ्यास करत होती. मी तो उचलून कपाटावर ठेवला.

पाच वाजले. शिट्टी झाली बघा. त्याला पाणी आधी देऊ नका, दोन मिनिटं थांबा, दम खाऊ दे. तो कागद घ्या तुमचा, माझ्या हातातच राहिला.

काय म्हणालात? — मी? मननला? इथून तबल्याला सोडायचं? चालतच आहे म्हणता, जवळच आहे. रोज. हं. तुम्हाला दुकान सोडून यावं लागतं, ते खरं आहे, मी कुठे नाही म्हणतोय. आणि मी असतोच इथे, तेही खरं.

एक विचारू, ताई? हे तुम्ही तुमच्या अडचणीसाठी म्हणताय, की माझ्यासाठी? — नको. राहू द्या. उत्तर देऊ नका. मुलगा उभा आहे तिकडे, स्केट्सचे पट्टे सुटत नाहीयेत त्याला. जा तुम्ही.