रिकाम्या जागेभोवतीचं पाणी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप देताना आज जीभ जड झाली आहे त्या आमच्या थोरल्या बाई, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. आमच्या संगणकाला पाण्याचा एवढुसा थेंब हलवायला महिने लागतात, हे अध्यक्षांना कोण सांगणार? असो.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. मीठ पाण्यात विरघळलं की आपण म्हणतो, गेलं. जातंय कुठं? त्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पाण्यातच असतात, आणि पाण्याचे रेणू त्यांच्याकडे तोंड करून त्यांना घेरून उभे राहतात. हेच आम्ही संगणकात मांडतो. मग त्यातला एक आयन हळूहळू पुसत नेतो आणि त्याला सोडणं पाण्याला किती जड गेलं, ते मोजतो. पूर्ण पुसला की पाणी क्षणात मोकळं होतं. झालं, एवढाच आमचा उद्योग!

थोरल्या बाई म्हटलं, म्हणजे धाकट्याही होत्या. सख्ख्या बहिणी. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायच्या आणि दिवसभर भांडायच्या. एका सकाळी धाकट्या बाईंनी आयन पुसायला लावला, "आलेच गं" म्हणून बाहेर पडल्या, आणि रस्त्यातच गेल्या. गणित चालूच राहिलं. आयन पुसला गेला, पाणी मात्र मोकळं झालं नाही. मध्ये काहीच नाही, आणि सगळे रेणू तिकडेच तोंड करून उभे!

चूक असणार, दुसरं काय? आम्ही प्रोग्रॅम पिंजून काढला. तीच मांडणी दुसऱ्या यंत्रावर चालवली, तिथं पाणी शहाण्यासारखं वागलं. मी म्हणालो, "बाई, बंद करूया." त्या म्हणाल्या, "राहू दे रे. तुझं काही खातंय का ते?" पुढे त्या खोलीत एकट्याच असायच्या, पण आतून भांडणाचा आवाज यायचा. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? ती जागा आता बाईंनाही सोडणार नाही, असं वाटायचं.

ते जुनं यंत्र उद्या भंगारात जाणार. म्हणून आज सकाळी बाईंनी मला सोबतीला बोलावलं आणि स्वतःच्या हातानं ते बंद केलं. मग मला विचारलं, "सुटली असेल ना रे ती?" मी छातीठोकपणे हो म्हणालो.

आता एक विचारू? शिपाईमामांनी खुर्च्या सरळ रांगेत लावल्या, तेव्हा मी इथंच होतो. मग तिसऱ्या रांगेतल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे तुम्ही सगळे वळून कधी बसलात? भाषण माझं चाललंय, आणि तोंडं तिकडे! नाही, नाही, हलू नका.

बाई, तुम्ही कशाला उठलात? सांभाळून, पायरी आहे. अहो, त्यांना वाट द्या.

ऐकलंत ना काय म्हणाल्या? "सरक गं जराशी." आणि बसल्यात बघा, अर्ध्याच खुर्चीवर.

माझं भाषण इथंच राहिलं. आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. चहा बाहेर तयार आहे. फक्त त्या दोघी उठेपर्यंत कुणी उठू नका.