भुरी पिंजऱ्यात

महादेवी : हळू बोला हो. भिंतीपलीकडं सगळं ऐकू जातंय.

गुरुपाद : गाव... गावलं?

महादेवी : गावलं. शेजारच्या आकारामभाऊंचं मांजर, ती भुरीच गावली. सुकटीचा तुकडा ठेवलता पिंजऱ्यात. सकाळी सहाला बघती तर आत बसलीया. मोरीत नेऊन ठेवलाय पिंजरा, वर पोतं टाकलंय.

गुरुपाद : आता?

महादेवी : आता काय? सोमशेखर नऊला गाडी घेऊन येतोय. मावशीचं एवढं काम करतो म्हणालाय. त्याला कोडोलीला जायचंच हाय, तिथं उसाच्या रानात सोडून येईल. तेवढा तास-दीड तास निभला म्हणजे झालं. पण आकारामभाऊ आठला येणार तुम्हाला उठवायला. तुम्ही एक शब्द काढू नका.

गुरुपाद : मी... कुठं... बोलतो.

महादेवी : हां, तसंच राहा. अय्यो, ओरडाय लागली की ही!

गुरुपाद : सोड.

महादेवी : सोडू? दोन घरटी खाल्ली हिनं माझी. आधी त्या दयाळाची पिल्लं. मग फेब्रुवारीत बुलबुलाची. नुसती पिसं पडलीती तुळशीपाशी. आणि आता जाईच्या वेलात परत बसलेत तेच बिचारे, तीन पिल्लं हायती, काल डोळं उघडलेत. तिसऱ्यांदा मी पिसं गोळा करणार न्हाई. गप्प झाली बघा. आणि गप्पच राहू दे देवा.

आकाराम : वैनी! दार लोटलेलंच हाय, आलो बघा आत.

महादेवी : या की भाऊ. आज लवकर?

आकाराम : लवकर कुठलं, आठला पाच कमी हायती. काय अण्णा, डावा हात काय म्हणतोय? अजून रजेवरच व्हय? चला, उठा. आंघोळ करून ताजंतवानं व्हायचं.

महादेवी : आज आंघोळ नको. अंग पुसून घेती मी हितंच. तुम्ही नुसतं खुर्चीत बसवा.

आकाराम : का?

महादेवी : हवा गार हाय.

आकाराम : एप्रिलात? सारी मंगळवार पेठ घामानं निथळतीया आनि तुमच्याच घरात गार हवा?

महादेवी : मोरी तुंबलीया.

आकाराम : मग तसं सांगा की. बघतो मी, तार घालून मोकळी करतो.

महादेवी : नको! प्लंबरला सांगितलंय. तुम्ही चहा घ्या आधी.

आकाराम : चहा नको वो आज. घशाखाली उतरायचा न्हाई. भुरी आली न्हाई घरला. तुमच्याकडं दिसली का?

महादेवी : न्हाई बाई.

आकाराम : ते दोन बोकं हायती न्हवं, ते चार-चार दिवस गायब असत्यात. त्यांचं मला काय न्हाई. पर भुरी रोज पहाटे माझ्या उशाला. दुधाचा टेम्पो चालवायचं सोडलं त्या शेवटच्या दिवशी क्रेटमधी गावली हुती मला, एवढीशी, मुठीत मावंल एवढी. सात वर्षं झाली. एक दिवस खाडा न्हाई तिचा. मगाशी सगळा बोळ पालथा घातला. गटारीत बघितलं. त्या रिक्षावाल्याच्या रिक्षाखाली बघितलं. आता... थांबा. ऐकलंसा?

महादेवी : काय?

आकाराम : मांजर.

महादेवी : बोका असंल पत्र्यावर.

आकाराम : बोका न्हवं. सात वर्षं ऐकतोय, मला कळंना व्हय? मोरीतनं येतोय आवाज. सरका वैनी.

महादेवी : भाऊ, आत जाऊ नका. भाऊ!

(मोरीचं दार उघडल्याचा आणि पिंजऱ्याच्या तारांचा आवाज.)

आकाराम : पोतं टाकलंय वर. मेलेल्या जनावरावर टाकत्यात तसं.

महादेवी : अंधार केला की गप बसतंय म्हणून टाकलं.

आकाराम : कुणी लावला पिंजरा?

महादेवी : मी. ह्यांच्या भाचीकडनं, रक्षिताकडनं मागवून घेतला. तिला ते मोबाईलवर मागवाय येतंय.

आकाराम : चोरागत?

महादेवी : व्हय, चोरागत. मिरचीपूड टाकून झाली. बुंध्याला बाभळीच्या फांद्या बांधून झाल्या, हातात काटं मोडलं माझ्या. संत्र्याच्या साली, पाण्याचा पाईप, सगळं केलं. तुमची मांजरं भिंतीवर बसून बघत असायची मी काय करती ते.

आकाराम : मला एका शब्दानं बोलला न्हाईसा. दोन वर्षं रोज दोनदा येतोय मी ह्या घरात.

महादेवी : म्हणूनच न्हाई बोलली.

आकाराम : म्हंजे?

महादेवी : रोज दोनदा येता म्हणूनच. अहो, चौऱ्याऐंशी किलोचा माणूस हाय हा. मागल्या गणपतीत तुम्ही गावाला गेलता, तवा मी एकटीनं उचलाया गेली. दोघंही पडलो त्याच मोरीत. दीड तास. नळ चालू, हे खाली, मी वर. तुम्ही एसटीतनं उतरून घरी पोचला, आवाज ऐकला आणि भिंतीवरनं उडी टाकून आला, म्हणून सुटलो. त्या दिवसापासनं मी तुमच्या मांजराला हाड म्हणताना पण आधी तुमची खिडकी बघती. ह्या माणसाला राग आला आणि उद्या आलाच न्हाई तर? लेक पुण्यात, फोनवर सांगतीया माणूस लावा. दोन माणसं लावली, दोन्ही आठवड्यात पळाली. मी कुणाला बोलवू? सांगा की!

आकाराम : म्हंजे रोजचा चहा, ती शेंगाची पोळी... सगळं भिऊन?

महादेवी : सगळं न्हाई.

आकाराम : मला वाटायचं आपला घरोबा हाय.

महादेवी : घरोबाच हाय. आणि भ्या पण हाय. दोन्ही एकाच घरात राहतंय भाऊ, तुम्हाला न्हाई कळायचं.

आकाराम : कुठं सोडणार हुता तिला?

महादेवी : कोडोलीला. उसात.

आकाराम : उसात! पेठेतलं मांजर हाय ते वैनी. दुधाबिगार काय ठाऊक न्हाई तिला. कुत्री दुपार हू देणार न्हाईत.

महादेवी : दुधाबिगार काय ठाऊक न्हाई? मग पिल्लं कुणी खाल्ली माझी?

आकाराम : बोक्यानं खाल्ली असतील. काळा बोका लई वंगाळ हाय.

महादेवी : मग कोंडून घाला की सगळ्यास्नी घरात.

आकाराम : कुठल्या घरात? लेकानं, पृथ्वीराजनं, वर मजला चढवला आनि मला मागची पत्र्याची खोली दिली. मांजर उंबऱ्याच्या आत दिसलं की सूनबाई संयोगिता तांब्या फेकून मारतीया. आनि माझ्या खोलीत दुपारी दार लावलं तर भाकरी भाजंल पत्र्याखाली. दार उघडं ठेवायचं म्हंजे मांजर भाईरच. मला मजा वाटतीया व्हय तुमच्या भिंतीवर त्यास्नी बशी ठेवायला? ठेवायला दुसरी जागाच न्हाई.

महादेवी : हे कधी बोलला न्हाईसा.

आकाराम : तुम्ही तरी कुठं बोललाय! आता अण्णांनाच इचारतो. अण्णा, कॉट खिडकीला लावलेली हाय, दिवसभर तुम्हीच बघताय. तुम्ही साक्षीदार. खरं सांगा. भुरीनं खाल्ली का काळ्यानं? भुरी म्हणलासा तर मी सोताच्या हातानं सोडून येतो कोडोलीला.

गुरुपाद : न्हाय... दिसत.

आकाराम : काय न्हाय दिसत?

गुरुपाद : खिडकी.

महादेवी : असं काय करता? ही काय खिडकी. डाव्या अंगाला तर हाय.

गुरुपाद : डावं... न्हाय दिसत. काळं पण न्हाय. नुसतं... न्हायच.

महादेवी : कधीपासनं?

गुरुपाद : पयल्यापासनं. लकवा... मारला तवापासनं.

महादेवी : यव्वा! अहो, रोज ताटात डाव्या बाजूची भाजी राहायची तुमची. मला वाटायचं मुद्दाम सोडताय, माझ्या हाताची चव गेली. केवढी बोलली मी तुम्हाला त्यावरनं! डॉक्टरला का न्हाई सांगितलं?

गुरुपाद : इचारलं... न्हाय त्यानं.

महादेवी : आणि मला? कॉट फिरवली असती की मी! रोज उठून ह्या खिडकीशी उभी राहून सांगती, आज अंडी दिली, आज पिल्लांनी चोच काढली, मादी उन्हात पंख पसरून बसलीया. तुम्ही हूं हूं करता. ते सगळं काय मग?

गुरुपाद : तू सांगतीस.

महादेवी : मी सांगती, पण तुम्हाला दिसतच न्हाई तर...

गुरुपाद : तवा... तू चिडत न्हाईस. दिवसात... तेवढंच.

आकाराम : अण्णा, पाणी पाहिजे? थांबा, मी देतो. तुम्ही बसा वैनी. बसा खाली जरा.

महादेवी : ह्यांच्यासाठी म्हणून करत हुती मी. ह्यांस्नी तेवढाच विरंगुळा म्हणून.

आकाराम : पाखरं तुमची हायती वैनी.

महादेवी : असतील. माझीच असतील. मला तरी दुसरं काय दिसतंय ह्या घरातनं?

आकाराम : फोन वाजतोय तुमचा.

महादेवी : सोमशेखर असंल. हॅलो? हां रे... निघालास?... न्हाई, एक मिनिट थांब. भाऊ, काय सांगू त्याला?

आकाराम : मला काय इचारताय? पिंजरा तुमचा.

महादेवी : मांजर तुमचं.

आकाराम : पिल्लं उडायला किती दिवस?

महादेवी : आठ. फार तर नऊ.

आकाराम : मग येऊ नको म्हणा त्याला.

महादेवी : सोमशेखर, येऊ नकोस बाबा. न्हाई, काय झालं न्हाई. मग सांगती. ठेव.

आकाराम : भुरी नऊ दिवस पिंजऱ्यातच राहू दे. माझ्या खोलीत. पिंजऱ्यात असली म्हंजे दार उघडं ठेवता येतंय, वारं लागंल तिला आनि मला पण. रात्री पत्रा गार झाला की दार लावून घेतो आनि तिला खोलीत मोकळी सोडतो. ती ओरडंल, शिव्या घालंल मला. घालू दे.

महादेवी : आणि बोकं?

आकाराम : ते पिंजऱ्यात यायचं न्हाईत, अट्टल हायती. त्यांची बशी गल्लीच्या त्या टोकाला नेतो, हिकडं फिरकायचं कारणच ठेवत न्हाई. शिवाय सकाळी आनि सांजच्याला वेलाखाली खुर्ची टाकून बसतो, काठी घेऊन. मला घरात तरी कोण बस म्हणतंय?

महादेवी : आणि ही पिल्लं उडाली, मग पुढच्या विणीला काय?

आकाराम : पुढच्या विणीला पुन्हा भांडू. पर तोंडावर भांडायचं. पोतं टाकून न्हाई.

महादेवी : भाऊ, एक विचारू? खरं सांगणार?

आकाराम : इचारा की.

महादेवी : नऊ वाजता तिला सोमशेखर घेऊन गेला असता आणि तुम्हाला मागनं कळलं असतं, तर आला असता का उद्या? ह्यांस्नी उठवायला?

आकाराम : खरं सांगू?

महादेवी : खरंच सांगा.

आकाराम : चार दिवस आलो नसतो. पाचव्या दिवशी आलो असतो.

महादेवी : चार दिवस.

आकाराम : व्हय. तुमचं भिणं काय खोटं न्हवतं.

महादेवी : बरं झालं सांगितलं. आता चार दिवसांचं काय करायचं ते तरी मला ठरवता येईल. लेकीला सांगती, माणूस लावायचाच. पळाला तर दुसरा. तुमच्या एकट्याच्या हातावर राहून चालायचं न्हाई.

आकाराम : लावाच. माझी पण कंबर धरतीया आताशा, बोललो न्हाई कधी. चला अण्णा, हात टाका गळ्यात. उजवा. आज आंघोळ व्हणार म्हंजे व्हणार. आनि त्या आधी कॉट फिरवू. डोकं तिकडं, पाय हिकडं. मग खिडकी उजवीकडं येती.

गुरुपाद : नको.

महादेवी : का नको?

गुरुपाद : मग... सांगायची न्हाईस.

महादेवी : गप बसा. सांगीन. भाऊ, फिरवा तुम्ही कॉट.

आकाराम : फिरवतो. वैनी, मी सांजच्याला हितं बसणारच हाय दोन तास वेलाखाली. अण्णांनी हाक मारली तर मला ऐकू येतंय. तुम्ही काय करणार तवर? माझ्या तोंडाकडं बघत बसणार? जावा की जरा भाईर.

महादेवी : बाहेर? कुठं?

आकाराम : कुठं पण. देवळात जावा, रंकाळ्यावर जावा. मंडईत जाऊन भाजी निवडा तुमच्या मनासारखी. मी आणलेल्या वांग्यांना रोज नावं ठेवताय.

महादेवी : किडकीच असत्यात ती.

आकाराम : मग जावा तर.

महादेवी : दोन तास?

आकाराम : दोन तास.

महादेवी : जाती म्हणलं तर... बाहेरच्या चपला कुठं ठेवल्यात, तेच आठवंना झालंय.