चुन्याचं अंगण

…आणि वर मलाच हट्टी म्हणतात! अहो, हललं कोण? अंगण हललं! काळी माती ती. पाणी लागलं की फुगते, ऊन लागलं की भेगाळते. भेग तरी केवढी, आमच्या हिची चप्पल गिळली! तर मुलगा म्हणतो, "बाबा, मागच्या पावसात आई आजारी पडली, गाडी अंगणात रुतली, आईला खाटेवरून रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. पुरे आता. घर सोडा, माझ्याकडे चला." मी म्हटलं, मी हलणार नाही!

तोही इरेला पेटला. "दारापर्यंत ट्रक येईल असं अंगण करून दाखवा, पुन्हा विषय काढणार नाही!"

तुम्हाला सांगतो, तडक रस्त्याच्या कामावरचा मुकादम गाठला. तो म्हणाला, "आजोबा, असल्या मातीत चुना कालवा, घट्ट होते." झालं! अंगण खणलं, ढेकळं फोडली, चुन्याची भुकटी पसरली, पाणी शिंपडत कालवली, मुरू दिली, रोलर मागून आणला, दाबली… भुवया पांढऱ्या! शेजारी कुंपणावरून विचारतो, "काय हो, भिंती सोडून जमिनीला रंग?" काढ बाबा, दात काढ! वर ओली गोणपाटं टाकली आणि सगळ्यांना तंबी, पाय ठेवायचा नाही! दूधवाला लांबून पिशवी फेकायचा, मी झेलायचो… सगळ्याच झेलल्या असं नाही. ही खिडकीतून भाजी घ्यायची आणि धुसफुसायची, "चांगलं कोंडलंत मला!" मी म्हटलं, कोंडेन, पण हलणार नाही!

मग एकदा पाऊस झोडपून गेला आणि मुलगा ट्रक घेऊनच हजर. ट्रक अंगणात शिरला… चाक रुतलं? अहो, ठसासुद्धा नाही! थेट उंबऱ्याशी! मुलानं कान पकडले, "हरलो बाबा. विषय संपला." शब्दाचा पक्का, बापावर गेलाय.

तोच ही हात पुसत बाहेर! "अहो, एवढा ट्रक दारात आलाच आहे, तर कपाट चढवून घेऊ. मला नातीजवळ राहायचंय. खाटेवर पडून आभाळ बघत जायची हौस फिटली माझी."

इतकं मऊ बोलली हो… गलबलून आलं. इतके दिवस का नाही बोललीस, बाई? पण मी? मी हलणार नाही! आतून खुर्ची आणली, ट्रकपुढे टाकली आणि बसलो. आत भांडी वाजतायत, कपाट गेलं, गाद्या गेल्या, मी आपला बसलेला… शेवटी ही जवळ आली, खांद्यावर हात ठेवला, हळूच म्हणाली,

"अहो, उठता का? खुर्ची तेवढी चढवायची राहिलीय."