बँड काढावा लागेल

त्रिवेणी : मला न विचारता? आई, दात माझे, क्लॅरिनेट माझी, आणि सरांना फोन करून मला शाळेच्या बँडमधून काढायला सांगितलंस तू?

आई : हळू बोल. दवाखाना आहे हा. अर्धा कोठी मोहल्ला बसलाय इथं.

त्रिवेणी : ऐकू देत. दुखऱ्या दाढा विसरतील थोडा वेळ.

आई : मी माझ्या मनानं नाही केलं. गेल्या खेपेला तू चूळ भरायला गेलीस, तेव्हा डॉक्टरच म्हणाले मला, “बँड निकालना पडता.” या कानांनी ऐकलं.

त्रिवेणी : शक्यच नाही. दातांना तारा बसवल्या त्याच दिवशी मी विचारलं होतं, वाजवू का म्हणून. “हौ, बजाओ” म्हणाले.

आई : तेव्हा ओठ फाटला नव्हता. उशीच्या अभ्र्यावरचा डाग कोणी धुतला?

त्रिवेणी : एवढासा डाग! अगं, खालचा ओठ दातांवर दुमडल्याशिवाय क्लॅरिनेट वाजतच नाही. आतून तार, वरून क्लॅरिनेट, मध्ये बिचाऱ्या ओठाचं सँडविच. तव्याचा चटका बसला म्हणून तू पोळ्या सोडल्यास कधी?

आई : पोळ्या लागतात घराला.

त्रिवेणी : मला क्लॅरिनेट लागते.

आई : लागते म्हणे! आजोबा हायकोर्टात, बाबा सेक्रेटरिएटमध्ये, आणि तू बरातीतलं वाजंत्र घेऊन बसलीस. सतार शीक म्हटलं होतं. दातांचा काही संबंध तरी नव्हता.

त्रिवेणी : बरातीत नवरदेवाकडे कोण बघतं गं? सगळे क्लॅरिनेटवाल्याकडे बघतात. तू पण बघतेस, मी पाहिलंय. आणि शनिवारी स्पर्धा आहे. मधला सोलो माझा होता. सगळा बँड गप्प आणि मी एकटी! आता तो किशोरला. त्याच्यापुढे आपला कुकर सुरात वाजतो.

आई : चल, बोलावतायत आत. आणि तिथं उगाच तोंड वाजवू नकोस.

त्रिवेणी : तेच तर वाजवते मी.

डॉक्टर : आओ बेटा, बैठो. क्या हुआ, मूँ फुला के बैठे?

त्रिवेणी : डॉक्टरसाब, पहले बोलो. आप मेरेकू स्कूल के बँड से निकालने बोले?

डॉक्टर : मैं? मैं कैकू बोलूँगा?

आई : आपच बोले ना डॉक्टरसाब. “बँड निकालना पडता.”

डॉक्टर : हौ, वो तो बोला. मूँ खोलो बेटा. ये देखो अम्मा. पीछे की दाढ पे गोल छल्ला है ना? तार इसमेंच अटकती. इसकू बोलते बँड. ढीला हो गया, निकाल के दूसरा बिठाता.

आई : छल्ला?

त्रिवेणी : आँ! आँ आँ!

डॉक्टर : मेरा हाथ निकलने दो, फिर चिल्लाओ.

त्रिवेणी : छल्ला, आई! दाढेतला बँड काढायचा होता, आणि तू मला काढलंस!

आई : मला काय माहीत दाढेत पण बँड असतो? पण डॉक्टरसाब, ओठ देखो इसका. दात बिगडे तो? बजाना बंदच अच्छा नै?

डॉक्टर : बंद कैकू? ये मोम लेव. बजाने से पहले नीचे की तार पे दबाना. ओठ नै कटता.

त्रिवेणी : ऐकलंस? मेण! आणि वरचे दात क्लॅरिनेटच्या तोंडावर टेकतात तिथं रबराचा तुकडा चिकटवलाय मी. सरांनी दिला.

डॉक्टर : शाब्बास. पन पकडते कैसे? दाँताँ से?

त्रिवेणी : अं... वरचा सूर आला की थोडंसं चावते.

डॉक्टर : वो नक्को. ओठाँ के कोने टाइट रखो. बीच में रुको, पानी पिओ. और बिस्कुट खा के बिना कुल्ली किए बजाए, तो दाँत सडे बोल के मेरे पास रोना नक्को.

त्रिवेणी : नै रोती. आई, आता सरांना फोन लाव.

आई : घरी जाऊन लावते.

त्रिवेणी : इथंच. नाहीतर मी या खुर्चीतून उठत नाही. बाहेरचा अर्धा मोहल्ला बसू दे तसाच.

डॉक्टर : लगा देव अम्मा. छल्ला तो बैठ गया. मेरेकू और पेशंटाँ देखने हैं.

आई : हॅलो, सर? त्रिवेणीची आई बोलतेय. ते परवाचं... माझा जरा घोळ झाला. नाही, डॉक्टरांचं काही नाही, माझाच. अस्सं? बरं. बरं, विचारते. त्रिवेणी, किशोरची प्रॅक्टिस सुरू झालीये. त्याला एकदम ऊठ म्हणता येणार नाही म्हणतात. आज दोघांनी वाजवायचं, मग ते ठरवतील.

त्रिवेणी : आज? चालेल. येते म्हणून सांग.

आई : अगं, छल्ला आत्ता बसलाय. ओठ सुजलाय. हरलीस तर?

त्रिवेणी : हरले तर वाजवून हरेन. तुझ्या फोनमुळे नाही.

(क्लिनिकबाहेर दोघी ऑटोत बसतात.)

आई : आणि वाजवताना दुखलं तर?

त्रिवेणी : तर थांबेन. पण ते मी ठरवेन.

आई : काय वाजवणार आहेस, ते मला कधी नीट ऐकवलंसही नाहीस.

त्रिवेणी : तू दार लावून घेतेस.

आई : ...भैया, अंबरपेठ घरकू नक्को. नारायणगुडा चलो, स्कूल पे. और गड्ढे बचा के, जरा हल्लू चलाओ. बच्ची दाताँकू मोम लगा रही.