मिसेस पॅजेटची बदली

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा मिसेस युनिस थॅकर, महापौरांचा शुभसंदेश घेऊन आलेले आणि चष्मा बदलून तो दोनदा वाचून दाखवणारे मिस्टर डेलुका, आमच्या नटनटी मंडळाचे सर्व पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण नाटकवाल्यांची सोमवारची हक्काची सुट्टी मोडून या नाट्यगृहात जमलो त्या सत्कारमूर्ती मिस हॅरिएट लिंडक्विस्ट, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो. तुमच्यात काही नट आहेत, काही माजी नट आहेत, आणि बरेचसे असे आहेत की त्यांना माजी म्हटलं तर राग येईल. सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. मिसेस थॅकर यांनी घड्याळ आत्ताच टेबलावर काढून ठेवलंय, ते मी पाहिलं.

माझी ओळख करून देताना बाई म्हणाल्या, ‘मिस बर्नाडेट मॅलोय, सत्कारमूर्तींच्या जुन्या सहकारी.’ सहकारी हा शब्द फार सभ्य आहे हो. मी त्यांची बदली होते. बावीस वर्षं आणि सहा नाटकं. त्यांची प्रत्येक भूमिका शब्दन् शब्द पाठ करायची, त्यांच्या मापाचे कपडे माझ्या मापाचे करून ठेवायचे, आणि न्यूयॉर्कमधल्या नाट्यगृहांच्या तळघरांत विणकाम करत त्या आजारी पडण्याची वाट बघायची, हे माझं काम. या शहरात सर्वांत जास्त पाठांतर आणि सर्वांत कमी अभिनय केलेली बाई कोण, असा सत्कार कधी ठेवलात तर मला जरूर कळवा.

कारण मिस लिंडक्विस्ट आजारी पडत नसत. काय करणार? डुलुथच्या थंडीत वाढलेलं शरीर ते. एकशे तीन ताप अंगात असताना त्यांनी दुपारचा आणि संध्याकाळचा असे दोन्ही प्रयोग केले आणि मध्ये स्टेक खाऊन आल्या. पायाचं बोट मोडलं, तर त्या म्हणाल्या, ‘ही बाई पहिल्या अंकात लंगडत असेल तर काय बिघडलं?’ आणि दुसऱ्या दिवशी समीक्षकाने त्या लंगडण्याचं कौतुक केलं. अठ्ठ्याहत्तर साली तापाची साथ आली तेव्हा आमच्या नाटकातले अकरा जण आडवे झाले. त्यांत मीही होते. नाटकात एक कुत्रा होता, तोसुद्धा आडवा झाला. त्याची बदली रंगमंचावर गेली आणि तिला प्रवेशालाच टाळ्या पडल्या. मी घरी अंथरुणात पडून ही बातमी ऐकली. हसू नका. त्या कुत्रीला मी आठ महिने स्वतःच्या हाताने बिस्किटं चारली होती.

तर सत्कारमूर्तींच्या कारकिर्दीबद्दल बोलायला मला इथे उभं केलंय, आणि मी आपली स्वतःचंच दळण दळतेय. एकोणिसाव्या वर्षी एक सूटकेस घेऊन त्या या शहरात उतरल्या. पहिला निर्माता म्हणाला, ‘पोरी, लिंडक्विस्ट हे नाव माझ्या पाटीवर मावणार नाही.’ त्या म्हणाल्या, ‘मग पाटी बदला.’ त्याने पाटी बदलली नाही, नटी बदलली. सहा वर्षांनी त्याच माणसाने नवी पाटी करून घेतली.

मधल्या काळात त्या कॅलिफोर्नियाला गेल्या आणि पडद्यावर आल्या. पहिल्या तिन्ही चित्रपटांत त्या पहिल्या पंधरा मिनिटांत मरतात. एकदा घोड्यावरून पडून, एकदा क्षयाने, आणि एकदा नक्की कशाने ते दिग्दर्शकालाही सांगता आलं नाही. त्यांची आई डुलुथला मुलीचा चित्रपट बघायला जायची आणि मुलगी मेली की डोळे पुसत घरी यायची. त्या तिन्ही गोष्टींचा शेवट काय झाला, हे त्या माउलीला अखेरपर्यंत कळलं नाही. पुढे टेलिव्हिजन आलं. एका गुप्तहेरांच्या मालिकेत त्या आधी खुनी होत्या आणि दोन वर्षांनी न्यायाधीश. अगदी त्याच तऱ्हेच्या खुनासाठी त्यांनी दुसऱ्या एका गरीब बाईला जन्मठेप ठोठावली. एवढ्या मोठ्या देशात कोणी हरकत घेतली नाही. चेहऱ्यावर तसा विश्वासच बसतो हो त्यांच्या!

आणि गंमत ऐका. ही बाई रंगमंचावर कोणीही होऊ शकते, पण रंगमंचाबाहेर तिला खोटं बोलता येत नाही. घर कट्टर लुथरन, खोटं बोलणं म्हणजे पाप. एका नाटककाराने आपलं नवं नाटक त्यांना वाचायला दिलं आणि मोठ्या आशेने विचारलं, कसं वाटलं? त्या म्हणाल्या, ‘दुसऱ्या अंकापर्यंत जागी होते.’ निर्मात्याच्या बायकोच्या टोपीबद्दल त्या काय म्हणाल्या ते मी सांगत नाही, बाई समोर बसल्या आहेत.

आता मुद्द्यावर येते. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी पुढची पाच मिनिटं कृपया कान बंद ठेवावेत.

एकोणऐंशीचा फेब्रुवारी, बुधवार, दुपारचा प्रयोग. याच नाट्यगृहात ‘तिसरी मिसेस पॅजेट’ दोन वर्षं चालू होतं. तिसऱ्या अंकात मिसेस पॅजेट एकटी उभी राहून नवऱ्याच्या दोन्ही आधीच्या बायकांशी बोलते. सहा मिनिटांचं बोलणं आहे ते. त्यासाठी लोक बॉस्टनहून गाडी करून यायचे. मिसेस पॅजेट चव्वेचाळीस वर्षांची, आणि त्या वर्षी मीही चव्वेचाळीस. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, ती सहा मिनिटं भरलेल्या नाट्यगृहासमोर बोलायची होती.

आपल्या धंद्यात हजेरीचा कागद ही काय चीज आहे, ते तुम्हाला सांगायला नको. मागच्या दाराशी लावलेला असतो. प्रयोगाच्या आधी अर्धा तास सही नसेल, तर देव जरी खाली आला तरी बदली आत जाते. आणि दुसऱ्याच्या नावाची सही करणं म्हणजे धंद्यातून उठणं. आमचे स्टेज मॅनेजर अर्नी ड्रॅब्किन हे तर त्या कागदाला बायबलच मानायचे.

मिस लिंडक्विस्ट रोज एकला पाच कमी असताना सही करायच्या. त्या दिवशी एक वाजला, सव्वा वाजला, एक पंचवीस झाले, तरी त्यांच्या नावापुढची जागा रिकामी! दारावरचा म्हातारा घोड्यांचे निकाल वाचत होता. ड्रॅब्किनचे बूट जिन्यावर वाजायला लागले. पाच मिनिटांत तो येणार, कागद काढणार आणि वळून म्हणणार, ‘मॅलोय, कपडे चढव.’ बावीस वर्षांतली एकमेव संधी दोन हातांवर होती.

मी पेन काढलं आणि त्यांची सही ठोकून दिली.

त्यांच्या चाहत्यांच्या फोटोंवर निम्म्या सह्या मीच करायचे, त्यामुळे हात बसलेला होता. हो मिस्टर डेलुका, तुमच्या घरी असलेल्या फोटोवरची सहीही बहुधा माझीच.

ड्रॅब्किनने कागद पाहिला, ‘सगळे हजर’ म्हणाला आणि गेला. पाच मिनिटांनी कपडेपटातली अल्मा ओरडत आली, ‘बाई खोलीत नाहीत!’ तो म्हणाला, ‘सही आहे ना? मग इमारतीत आहेत. शोधा.’ मग सगळी मंडळी त्यांना शोधत सुटली. न्हाणीघर झालं, बॉयलरची खोली झाली, सामानाच्या पेट्या उघडून पाहिल्या. दोन वाजले. दोन वाजून सहा मिनिटांनी ड्रॅब्किन माझ्याकडे वळला. ‘मॅलोय, कपडे चढव.’

अल्माने मला जांभळ्या पोशाखात कोंबलं. मी विंगेत उभी राहिले. पडद्यापलीकडे तेराशे माणसं खोकत होती. तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि मिस लिंडक्विस्ट आत आल्या. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर कोणाचा तरी चष्मा, छाती भात्यासारखी हलत होती.

ड्रॅब्किन गरजला, ‘एक वाजता सही करून कुठे उलथला होतात?’

त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, ‘सही माझीच आहे, अर्नी. जरा पाय मोकळे करायला गेले होते.’

मी मोठ्याने म्हटलं, ‘सुटले बाई एकदाची!’ आणि स्वतःच्या हाताने पोशाखाचे हूक काढायला लागले. वीस मिनिटं उशिरा पडदा वर गेला. आणि त्यानंतर अकरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मला काय राग आला म्हणून सांगू! एवढा मोठा उपकार केला, नोकरी पणाला लावली, आणि ही बाई साधं थँक्यू म्हणत नाही? एकोणीस वर्षं मी ही गोष्ट प्रत्येक मेजवानीत सांगत आले. नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल अशी. ‘मैत्रीसाठी मी माझी संधी सोडली.’ ऐकून बायका डोळे टिपायच्या. मला जास्तीचा केक मिळायचा.

तीन आठवड्यांपूर्वी मी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात बसून कॉफी पीत होतो. त्यांनी विचारलं, ‘सोमवारी काय बोलणार आहेस गं?’

मी म्हटलं, ‘त्या बुधवारी मी तुम्हाला कसं वाचवलं, ते सांगेन म्हणते.’

‘वाचवलंस? मला?’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘अगं बये, मी तुझाच प्रयोग बघायला बसले होते. बाल्कनीत, खांबामागे. दुसरं तिकीटच शिल्लक नव्हतं.’

मला काही कळेना. मी विचारलं, ‘मग आजारी आहे असं फोन करून सांगायचं ना?’

‘आजारी नव्हते तर कसं सांगू?’

बघा! खोटं बोलायला नको म्हणून त्यांनी विचार केला होता की आपण फक्त सही करायची नाही. पुढचं सगळं तो कागदच करील. वर जाऊन बसल्या. कार्यक्रमपत्रिका उघडली, तर ‘आजची भूमिका बर्नाडेट मॅलोय’ अशी पांढरी चिठ्ठी आत नव्हती. छापखान्याचा घोळ असेल म्हणून दम धरला. शेजारच्या बाईने त्यांना पेपरमिंट देऊ केलं आणि म्हणाली, ‘लिंडक्विस्ट आता पूर्वीची राहिली नाही म्हणतात.’ दोन वाजून पाच मिनिटं झाली तरी पडदा उठेना, तेव्हा काहीतरी चुकलंय हे ओळखून त्या निघाल्या. पेपरमिंटवाली मागून ओरडली, ‘अहो, खाली बसा की, दिसत नाही!’

मी विचारलं, ‘मी कपडे घालून उभी होते. मग मला जाऊ का नाही दिलंत?’

त्या म्हणाल्या, ‘मी तेच सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू सुटले म्हणालीस. तुझा चेहरा बघितला मी, बर्नी. फासावरून उतरवलेल्या माणसाचा असतो तसा होता. आणि तुझी नोकरी जाऊ नये म्हणून मला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलावं लागलं. अकरा दिवस मी तुझ्यावर चिडले नव्हते गं. माझ्यावर चिडले होते.’

तर मंडळी, आता खरं ते सांगते. मैत्री वगैरे काही नव्हतं. ती पांढरी चिठ्ठी बघून लोक सुस्कारा सोडतात ना, तो तेराशे माणसांचा एकदम सोडलेला सुस्कारा मला ऐकायचा नव्हता. मी घाबरले. ज्या गोष्टीसाठी आयुष्य घातलं ती समोर आली आणि मी सही करून पळाले. एकोणीस वर्षं त्यावर केक खाल्ला, त्याची मला लाज वाटते. मिस लिंडक्विस्ट, मला क्षमा करा.

क्षमा मी त्या दिवशीही मागितली. त्या म्हणाल्या, ‘क्षमा नको. मला तो तिसरा अंक बघायचाय. सोमवारी लोक आयते जमणारच आहेत.’

मी म्हटलं, ‘मी त्रेसष्ट वर्षांची आहे. मिसेस पॅजेट चव्वेचाळीसची.’

त्या म्हणाल्या, ‘मी एकोणसाठची होते. खांबामागून कोणाला कळतंय?’

मिसेस थॅकर, घड्याळ दाखवू नका, मला ठाऊक आहे. आणि तुम्ही दचकू नका, सत्कारमूर्ती खुर्चीवरून उठून निघाल्यात त्या रागावून नाही. बाल्कनीत चालल्यात. मिस्टर डेलुका, हात देऊ नका हो, त्यांना आवडत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि पायऱ्या पुष्कळ आहेत, तोवर मी आभार मानून घेते.

हे नाट्यगृह आज मोफत देणाऱ्या मालकांचे आभार. चिवटपणे कॉफी गरम ठेवणाऱ्या मंडळींचे आभार. अर्नी ड्रॅब्किन, तिसऱ्या रांगेत बसून तुम्ही मघापासून ज्या नजरेने माझ्याकडे बघताय तिचेही आभार. तुम्ही तो कागद अजून जपून ठेवला असेल, याची मला खात्री आहे. अल्मा, तू विंगेत तो जांभळा पोशाख घेऊन उभी आहेस. तो आता मला होणार नाही, नुसती शाल दे.

पोहोचल्या का? नाही, दुसऱ्या वळणावर थांबल्यात. थांबू द्या, दम खाऊ द्या.

मिस लिंडक्विस्ट यांना उदंड आयुष्य मिळो, असं मी प्रत्येक भाषणात म्हणते. त्या धडधाकट राहिल्या की मला पुढे जावं लागत नाही, हा छुपा स्वार्थ आज पहिल्यांदाच त्यात नाही.

बसल्या. खांबामागेच बसल्या! समोर एवढ्या खुर्च्या रिकाम्या असून.

बरं. दिवे थोडे कमी करा. बोलताना कोणाचा मान राहून गेला असेल, कोणाचं नाव सुटलं असेल, तर पोटात घाला. पुढच्या सहा मिनिटांत एखादं वाक्य विसरले, आवाज चिरकला, तरी तेही पोटात घाला, आणि कृपा करून कोणी खालून शब्द पुरवू नका. फक्त एक गोष्ट. आज जर मी इथून पळाले, तर मला मुळीच माफ करू नका.